टेन्बीला घर भाड्याने घेऊन राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेन्बी म्हणजे वेल्सच्या नैऋत्य टोकाकडचं, पेम्ब्रोकशरमधलं समुद्राकाठचं छोटं गाव. सुट्ट्या जवळ आल्या की लंडन, स्लाऊ, बर्मिंगहॅमकडची आपली मंडळी तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळे एका जागी उत्तरांसकट टाकतोय. नंबर दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहायला नको.

१. सेल्फ कॅटरिंग म्हणजे नक्की काय मिळतं?

अख्खं घर, फ्लॅट, कॉटेज किंवा स्टॅटिक कॅरॅव्हॅन (एका जागी कायम उभं केलेलं कॅरॅव्हॅनचं घर), त्यात किचन, आणि तुम्ही. नाश्ता नाही, रोज येऊन बेड आवरणारं कोणी नाही, रिसेप्शन नाही. किल्ली बहुतेक वेळा दाराजवळच्या कोडवाल्या छोट्या पेटीत असते आणि मालकाचं तोंडही दिसत नाही. आपल्यासाठी खरा फायदा किचनचा. लहान पोरांना सकाळी वरण-भात लागतो, आजींना संध्याकाळी सातनंतर काही चालत नाही, कोणाचा गुरुवार असतो, हे सगळं हॉटेलात सांभाळणं म्हणजे रोजची कसरत. दोघंच असाल आणि दोनच रात्री राहायचं असेल तर मात्र सरळ बी अँड बी (नाश्त्यासकट खोली) घ्या, घराच्या भाड्यात क्लीनिंगचा खर्च धरलेला असतो त्यामुळे दोन रात्रींना ते परवडत नाही.

२. वेल्समध्ये समुद्राकाठी एवढी गावं आहेत, मग टेन्बीच का?

कारण इथे सगळं पायी फिरता येतं. तेराव्या शतकातल्या तटबंदीच्या आत जुनं गाव, खाली छोटं बंदर, आजूबाजूला नॉर्थ बीच, हार्बर बीच, कॅसल बीच आणि लांबलचक साउथ बीच. एकदा गाडी लावली की दोन-तीन दिवस तिला हात लावावा लागत नाही. मँचेस्टर-लिव्हरपूलवाल्यांना उत्तर वेल्सचं लँडडनो जवळ पडतं, त्यांनी उगाच एवढ्या लांब यायची गरज नाही, तेही छान आहे.

३. कधी जावं, आणि ऑफ सीझनला भाडं खरंच कमी होतं का?

शाळेची पोरं नसतील तर जून किंवा सप्टेंबर, डोळे मिटून. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, सप्टेंबरमध्ये समुद्राचं पाणी जेवढं गरम होऊ शकतं तेवढं झालेलं असतं. (तरी ते १६-१७ डिग्रीच, त्याबद्दल प्रश्न १४ बघा.) ऑगस्टचा आठवडा हवा असेल तर आदल्या हिवाळ्यातच बुक करा, कारण दरवर्षी येणारी कुटुंबं निघतानाच पुढच्या वर्षीचा आठवडा सांगून जातात.

ऑफ सीझनचं विचाराल तर हो, बरंच कमी होतं, आणि त्यामागे एक कारण आहे जे फार जणांना माहीत नसतं. एप्रिल २०२३ पासून वेल्समध्ये असा नियम आहे की हॉलिडे होम वर्षात २५२ दिवस उपलब्ध असलं पाहिजे आणि प्रत्यक्षात १८२ दिवस भाड्याने गेलं पाहिजे, तरच ते धंदा म्हणून धरलं जातं, नाहीतर मालकावर कौन्सिल टॅक्स (आपल्याकडच्या घरपट्टीसारखा) बसतो आणि वर दुसऱ्या घराचा जादा अधिभारसुद्धा. म्हणजे नोव्हेंबर-फेब्रुवारीत मालकाला तुमच्या तीन रात्रीसुद्धा हव्याच असतात. थेट मालकाकडे बुक करत असाल तर नम्रपणे घासाघीस करायला हरकत नाही, सदाशिव पेठेत केली असतीच ना.

४. शनिवार ते शनिवारच का घ्यावं लागतं? आम्हाला बुधवार ते रविवार हवंय.

सीझनमध्ये बहुतेक घरं आठवड्याच्या हिशोबानेच जातात, शुक्रवार किंवा शनिवार हा चेंजओव्हरचा दिवस. सकाळी दहाला एक कुटुंब बाहेर, दुपारी चारला दुसरं आत, मधल्या सहा तासांत क्लीनर. त्यामुळे 'आम्ही जरा लवकर एक वाजता येऊ का' याचं उत्तर जवळपास नेहमीच नाही असतं. लवकर पोचलात तर गाडी लावा, बीचवर जा, फक्त फ्रीजमधलं सामान कूलबॅगमध्ये असू द्या. बुधवार ते रविवार हवं असेल तर शाळेच्या सुट्ट्या सोडून बघा किंवा अगदी शेवटच्या दोन आठवड्यांत बघा, तेव्हा रिकाम्या राहिलेल्या तारखा तुकड्यांनी सुटतात.

५. गावात नक्की कुठल्या भागात घर घ्यावं? आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि लोक तो बुकिंग झाल्यावर विचारतात. फोटोत दिसणारी बंदरावरची ती रंगीत घरं, पिवळी, गुलाबी, निळी, ती उंच आणि अरुंद आहेत. चार-चार मजले, वळणाचा जिना, लिफ्ट नाही. किचन तळघरात आणि बेडरूम तिसऱ्या मजल्यावर असा प्रकार कॉमन. आणि घराबाहेर पडल्यावर बीचवर जायला पुन्हा पायऱ्या किंवा उतार, कारण गाव कड्यावर आहे आणि वाळू खाली. नॉर्थ बीचला नागमोडी रस्ता आहे, उतरताना मजा येते, चढताना आजोबा दोनदा थांबतात.

गुडघेवाल्यांसाठी दोन पर्याय. साउथ बीचच्या वरच्या एस्प्लनेडवर (समुद्रासमोरच्या रस्त्यावर) जुन्या हॉटेलांचे फ्लॅट केलेत, त्यातले काही लिफ्टवाले आहेत, तळमजल्याचा किंवा लिफ्टचा फ्लॅट बघा आणि लिफ्टपर्यंत पोचायला बाहेर किती पायऱ्या आहेत हे मेसेज करून विचारा, वेबसाइटवर ते कोणी लिहीत नाही. दुसरं म्हणजे साउथ बीचच्या टोकाकडे स्टेशनच्या बाजूचा सपाट भाग. तिकडून समुद्र दिसणार नाही पण चालायला सोपं, आणि सी व्ह्यूचे पैसे वाचतात. सी व्ह्यूवरून आठवलं, जाहिरातीत 'सी ग्लिम्प्स' लिहिलं असेल तर समजा की खिडकीतून मान बाहेर काढून डावीकडे बघितलं की दिसतो.

६. गाडी कुठे लावायची? घराला पार्किंग लिहिलेलं नाही.

लिहिलेलं नाही म्हणजे नाहीच. तटबंदीच्या आतल्या घरांना सहसा स्वतःचं पार्किंग नसतं. वर जुलै-ऑगस्टमध्ये आतला भाग दिवसा गाड्यांना बंद करतात, साधारण सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत. तुमचं चेक-इन चारला, म्हणजे नेमकी तीच वेळ! सामान उतरवायला काय सोय आहे ते मालकाला आधी विचारा, नाहीतर बॅगा, कुकर आणि झोपलेलं पोर घेऊन कोबल्सवरून (दगडी रस्त्यावरून) चालत यावं लागेल. गावात पैसे भरायचे मोठे कार पार्क आहेत, मल्टिस्टोरी पण आहे, काही मालक आठवड्याचा परमिट देतात. ऑगस्टमध्ये उन्हाच्या दिवशी गाडी काढून कुठे जाऊन दुपारी परत आलात तर जागेसाठी फिरावं लागेल, म्हणून बाहेरचे कार्यक्रम पावसाच्या दिवशी आणि ऊन पडलं की बीच, असा सरळ हिशोब ठेवा.

७. लंडनहून गाडीने किती वेळ लागतो?

कागदावर पाच तासांच्या आत, शुक्रवारी संध्याकाळी सात तास धरा. एम४ शेवटपर्यंत, मग कारमार्दन, सेंट क्लियर्स, किलगेटी आणि टेन्बी. सेव्हर्न ब्रिजचा टोल डिसेंबर २०१८ मध्येच बंद झालाय, तरी अजून लोक सुटे पैसे घेऊन निघतात. एक मात्र लक्षात ठेवा, वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांवर साधारणपणे २० मैलांची मर्यादा आहे, ३० ची नाही. इंग्लंडच्या सवयीने गेलात तर घरी दंडाचं पत्र येतं.

८. गाडी नाहीये, ट्रेनने जमेल का?

मस्त जमेल, टेन्बीला गावातच स्टेशन आहे, स्टेशनवरून जुन्या गावात दहा मिनिटांत चालत. लंडन पॅडिंग्टनहून स्वॉन्झी, तिथे बदलून पेम्ब्रोक डॉकची गाडी. त्या फाट्यावर गाड्या साधारण दोन तासांनी एक, त्यामुळे स्वॉन्झीचं कनेक्शन चुकलं तर वडापाव सोबत असलेला बरा. रविवारी गाड्या-बस आणखी कमी, म्हणून शनिवारी पोचा. फक्त गाडी नसेल तर घर गावातच घ्या, 'टेन्बीपासून पाच मिनिटं' लिहिलेलं फार्म कॉटेज हे गाडीने पाच मिनिटं असतं, तिथून चालायला फुटपाथही नसतो.

९. किचनमध्ये काय काय असतं? आपला कुकर, कढई न्यावी का?

भांडी, प्लेटा, केटल, टोस्टर, मायक्रोवेव्ह, ओव्हन, फ्रीज हे असतंच, बहुतेक ठिकाणी डिशवॉशर पण. नसतं ते म्हणजे प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, मिक्सर, मोठी परात, झारा, चिमटा, आणि धार असलेली सुरी. सुरी नक्की न्या, भाड्याच्या घरातल्या सुऱ्यांनी टोमॅटो चेपतो, कापला जात नाही.

कुकर न्यायच्या आधी हॉब (शेगडी) कुठला आहे ते विचारा. आता बऱ्याच घरांत इंडक्शन आलंय आणि त्यावर अॅल्युमिनियमचा कुकर गरमच होत नाही. सोपी टेस्ट: घरच्या फ्रीजवरचं मॅग्नेट भांड्याच्या बुडाला लावा, घट्ट चिकटलं तर चालेल. साध्या काचेच्या इलेक्ट्रिक हॉबवर अॅल्युमिनियम चालतं पण बूड सपाट हवं, गोल बुडाची कढई नको. काचेवर जड तवा सरकवू नका, ओरखडे पडले की डिपॉझिटमधून जातात. फुलके फुगवायला आच नाही त्यामुळे तव्यावरच कपड्याने दाबून घ्या, किंवा सरळ घरून पोळ्या करून फ्रीझ करून न्या, आमच्याकडे निम्मी मंडळी हेच करतात. इंडियाचा मिक्सर नेत असाल तर व्होल्टेज सारखंच आहे, प्लग वेगळा.

आणि हळद! पांढरा दगडी ओटा, लाकडी चमचे, पांढरे टी टॉवेल, सगळ्यांवर ती बसते आणि उठत नाही. घरून दोन जुनी फडकी न्या आणि ओटा लगेच पुसा.

१०. फोडणी दिली की फायर अलार्म वाजतो का?

वाजू शकतो. किचनमध्ये सहसा उष्णतेचा अलार्म असतो, तो फोडणीला दाद देत नाही, पण हॉलमधला धुराचा असतो आणि लाल मिरचीचा ठसका त्याच्यापर्यंत पोचला की संपलं. आधी एक्झॉस्ट फुल, खिडकी उघडी, हॉलचं दार बंद, मग मोहरी. अलार्म काढून ठेवणं किंवा त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधणं हे करू नका, खरंच करू नका, रात्री झोपलेली पोरं असतात घरात. जुन्या हॉटेलचे फ्लॅट असतील (प्रश्न ५) तर अलार्म कधी कधी अख्ख्या बिल्डिंगचा एकच असतो, म्हणजे तुमच्या आमटीपायी वरच्या मजल्यावरच्या आजीबाई ड्रेसिंग गाऊनमध्ये रस्त्यावर. उदबत्ती-निरांजनाचंही तेच, बऱ्याच घरांच्या नियमांत मेणबत्ती लावायला मनाई असते. बॅटरीची समई मिळते, ती न्या.

११. घरात मासे केले तर चालतं का? बंदरावर ताजे मिळतात म्हणे.

उन्हाळ्यात बंदरावरून मॅकरल पकडायला नेणाऱ्या बोटी सुटतात, गळ तेच देतात, आणि नशीब असेल तर अर्ध्या-पाऊण तासात पिशवी भरते. मॅकरल म्हणजे आपल्या बांगड्याचा जवळचा नातेवाईक, पाठीवर निळे-हिरवे वळणदार पट्टे आणि चव ओळखीची, फक्त जास्त तेलकट. तिरफळं घालून तिखलं मस्त होतं. तळायचं असेल तर विचार करा, कारण त्याचा वास पडद्यांत, सोफ्यात बसतो आणि शनिवारी क्लीनरला सहा तासच मिळतात. मसाला लावून फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनला लावा, नाहीतर अंगणात बार्बेक्यू असेल तर तिथे. साफ करताना सिंकमध्ये खवले सोडू नका, वर्तमानपत्र पसरा. डोकी-काटे कागदात बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचऱ्याच्या दिवशीच बाहेर काढा (प्रश्न १७), नाहीतर गावातले सीगल्स तुम्हाला शोधत येतील. ते तसेही हातातले चिप्स नेतात, बंदरावर खाताना पाठ भिंतीला लावून बसा.

१२. किराणा कुठे घ्यायचा? इंडियन दुकान आहे का?

गावात सुपरमार्केट आहे, दूध, भाज्या, तांदूळ, कांदे, कोथिंबीर, चण्याचे डबे हे सगळं मिळतं. मोठी दुकानं पेम्ब्रोक डॉकला, अर्ध्या तासावर. पण तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला, कढीपत्ता घरूनच आणा. वाटेत घ्यायचंच असेल तर कार्डिफला सिटी रोडच्या बाजूला आशियाई दुकानं आहेत, पण त्यासाठी एम४ सोडून शहरात शिरावं लागतं, अर्धा-पाऊण तास मोडतो. रविवारी पोचत असाल तर जपून, मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, बहुतेक चारला बंद.

१३. चादरी, टॉवेल, बादली-मग, काय न्यायचं?

घरांत चादरी बहुतेक असतात, टॉवेल कधी असतात कधी नाही, कॅरॅव्हॅनमध्ये दोन्हीचे वेगळे पैसे असू शकतात. बीचसाठी टॉवेल आपलेच, घरातले पांढरे वाळूत नेऊ नका. बाळाचा कॉट असला तरी त्याची चादर बहुतेक आपली.

बादली-मगचं लाजून खाजगीत विचारतात सगळे, त्यात लाजायचं काय. नसतंच. घरचा मग न्या, किंवा पाण्याचा एखादा जग घ्या. मोठ्यांना आधीच सांगा की पाणी बाथटबच्या आतच, कारण बाहेरच्या फरशीला मोरीसारखा उतार नाही आणि जाळीही नाही, पाणी थेट खालच्या खोलीच्या छतातून उतरतं.

१४. समुद्र सेफ आहे का? पोरांना पोहता येतं थोडंफार.

बीच सौम्य आहेत, पण आधी भरती-ओहोटी समजून घ्या, कारण इथला हिशोब आपल्या कोकणापेक्षा बराच मोठा आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, इथे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात सात मीटरच्या वर फरक पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. सकाळी बंदरात बोटी वाळूवर आडव्या पडलेल्या दिसतात आणि दुपारी त्याच जागी खोल पाणी असतं. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे काल चारला जिथे खेळत होतात तिथे आज चारला खेळता येईलच असं नाही. पोचल्या पोचल्या भरतीचं टेबल फोनवर सेव्ह करा, फ्रीजवरही लावा.

पोहायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, लाइफगार्ड असतील तेव्हा. ते सीझनमध्येच आणि ठरावीक बीचवरच असतात. पाणी उन्हाळ्यातही गारच, पोरांना वेटसूट घ्या, नाहीतर दहा मिनिटांत ओठ निळे. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर फुगवायचे फ्लेमिंगो वगैरे बाहेरच काढू नका. काही झालं तर ९९९ आणि कोस्टगार्ड मागायचा, स्वतः उडी मारायची नाही.

१५. ओहोटीला त्या किल्ल्याच्या बेटावर चालत जाता येतं ना? आणि वाळूवरून शेजारच्या सॉन्डर्सफूट गावाला?

दोन वेगळी उत्तरं. कॅसल बीचसमोरचं सेंट कॅथरिन्स आयलंड, त्यावर १८६७ ते १८७० मध्ये फ्रेंचांच्या भीतीने बांधलेला किल्ला आहे. ओहोटीला वाळूवरून पायथ्याशी पोचता येतं, आत मात्र उघडा असेल तेव्हाच आणि तिकीट काढून, आणि पाणी वळलं की लगेच परत फिरायचं.

सॉन्डर्सफूटला वाळूवरून जाऊ नका. मध्ये खडक आणि कडे आहेत, पाणी आधी कोपऱ्यांवर येतं आणि तुम्ही मधल्या वाळूत अडकता. वरून कोस्ट पाथ आहे, साधारण साडेसहा किलोमीटर, चढ-उतार भरपूर पण देखणा. सॉन्डर्सफूटच्या पुढे वाइजमन्स ब्रिजपर्यंत मात्र जुन्या कोळशाच्या ट्रामच्या बोगद्यांतून सपाट रस्ता आहे, बग्गी जाते, पोरं बोगद्यात ओरडून घेतात.

१६. काल्डी आयलंडला जायचंय, आणि पाऊस पडला तर काय करायचं?

काल्डीवर सिस्टर्शियन या ख्रिश्चन पंथाचे साधू राहतात, १९२९ मध्ये बेल्जियमहून आले, चॉकलेट आणि परफ्यूम करून विकतात. बोट वीसेक मिनिटांची, साधारण ईस्टर ते ऑक्टोबर, रविवारी नाही. भरतीला बंदरातून सुटते आणि ओहोटीला कॅसल बीचवरून, त्यामुळे 'बोट कुठून' याचं उत्तर रोज बदलतं. समुद्र खवळला तर बंद, म्हणून ते शेवटच्या दिवसावर टाकू नका.

पाऊस पडणारच. गावात ट्यूडर मर्चंट्स हाऊस आहे, छोटं म्युझियम आहे, आणि सेंट मेरीज चर्चमध्ये रॉबर्ट रेकॉर्डचं स्मारक आहे. हा टेन्बीचाच, आणि गणितातलं बरोबरचं चिन्ह छापात पहिल्यांदा त्याने १५५७ मध्ये वापरलं. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दोन गोष्टी दुसऱ्या नाहीत, असं त्याचं म्हणणं. गणिताला वैतागलेल्या पोरांना तिथे उभं करून फोटो काढा. गाडी असेल तर पेम्ब्रोकचा किल्ला, सातवा हेन्री १४५७ मध्ये तिथे जन्मला, बुरुजांच्या आतले जिने चढण्यात पावसाचा दिवस जातो. लहानांना फॉली फार्म (प्राणी आणि खेळांचं पार्क), तिथे बराच भाग छताखाली आहे. जुन्या याद्यांत ओकवुड थीम पार्क दिसेल, ते २०२५ मध्ये बंद झालंय.

१७. कचऱ्याचं एवढं काय असतं? फोल्डरमध्ये दोन पानं लिहिलीत.

वाचा ती पानं. वेल्समध्ये रिसायकलिंग फार कडक आहे. पेम्ब्रोकशरमध्ये काच हिरव्या डब्यात, प्लास्टिक आणि टिनचे डबे लाल पिशवीत, कागद-पुठ्ठा वेगळा, उरलेलं अन्न छोट्या कॅडीत (झाकणाच्या डब्यात) आणि ते दर आठवड्याला नेतात. बाकीचा कचरा तेवढ्या लवकर नेत नाहीत, त्यामुळे सगळं एका काळ्या पिशवीत कोंबलं तर ती तशीच दारात राहते. चहाचा चोथा, भाज्यांची सालं कॅडीत. तेल सिंकमध्ये ओतू नका, गावाबाहेरच्या कॉटेजला सेप्टिक टँक असतो आणि तो तुंबला की वास सगळ्यांनाच येतो.

१८. चार फॅमिली मिळून १० जणांचं घर घेतोय, १२ जण राहिलो तर कळतं का?

कळतं. बाहेर डोअरबेल कॅमेरा असतो. पण कळण्याचा मुद्दा नाही, घराचा इन्शुरन्स आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची व्यवस्था त्या आकड्यावर केलेली असते, जास्त माणसं निघाली तर मालक त्याच रात्री बाहेर काढू शकतो. तान्हं बाळ कॉटमध्ये असेल तर बहुतेक जण धरत नाहीत, पण विचारून घ्या. आणि 'स्लीप्स ६' (सहा जणांची झोपायची सोय) नीट वाचा, कॅरॅव्हॅनमध्ये आणि छोट्या फ्लॅटमध्ये त्यातले दोघं हॉलमधल्या सोफाबेडवर असतात, म्हणजे त्यांना झोपायचंय आणि बाकीच्यांना पत्ते खेळायचेत. खोल्या कोणाला कुठली हे निघायच्या आधी ठरवा, बंक बेडवर मेहुण्याला टाकल्याचं पुढे दिवाळीपर्यंत निघतं. पैसे एकाच्या कार्डावरून जातात, आणि उरलेली रक्कम सहसा सहा-आठ आठवडे आधी भरायची असते, तेव्हा वाटणी आधीच करून घ्या.

१९. आई-बाबा इंडियातून आलेत, वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागतो का? आणि तब्येत बिघडली तर?

वेगळा नाही, यूकेचा व्हिसा तोच चालतो, मध्ये कुठे चेकिंगही नाही. व्हिसा यायच्या आधी घर बुक करत असाल तर फ्री कॅन्सलेशनवालंच. बाबांचं भारतीय लायसन्स आल्यापासून १२ महिने चालतं, पण आडवाटेचे रस्ते एका गाडीपुरते आहेत, समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घ्यावा लागतो, तिथे नवीन माणसाच्या हातात गाडी नको. छोट्या दुखण्याला आधी केमिस्ट किंवा १११ हा तब्येतीच्या सल्ल्याचा फोन नंबर. मोठं अॅक्सिडेंट अँड इमर्जन्सी हॅवरफर्डवेस्टच्या विदीबुश हॉस्पिटलला, पाऊण तास धरा. इमर्जन्सीमध्ये तपासायचे पैसे नाहीत, पण अॅडमिट केलं तर व्हिजिटरला बिल येतं, ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच.

२०. सप्टेंबरमध्ये एकाच वीकेंडला सगळी घरं फुल कशी? आणि भाडंही दुप्पट.

तो आयर्नमॅनचा वीकेंड. २०११ पासून टेन्बीत ही ट्रायथलॉन होते, नॉर्थ बीचवरून पोहायला सुरुवात आणि मग दिवसभर सायकल आणि धावणं. रविवारी रस्ते इतके बंद असतात की गाडीने गावाबाहेर पडणं विसरा. बघायला आवडत असेल तर अख्खं गाव रस्त्यावर असतं, रात्री उशिरापर्यंत आरडाओरडा चालतो, मजा येते. नुसती शांत सुट्टी हवी असेल तर तारीख बघून एक आठवडा अलीकडे-पलीकडे घ्या. (सप्टेंबर छान असं प्रश्न ३ मध्ये म्हटलंय, त्याला हा अपवाद.)

२१. आता वेल्समध्ये टुरिस्ट टॅक्स लागणार ऐकलं, खरंय का?

कायदा २०२५ मध्ये झालाय, पण सरसकट नाही. प्रत्येक कौन्सिलने स्वतः ठरवायचं, आणि लावला तरी एप्रिल २०२७ च्या आधी नाही. घर किंवा हॉटेलसाठी दर माणशी, रात्री १.३० पौंड, कॅम्पसाइट-हॉस्टेलला त्याहून कमी. सहा जण सात रात्री धरले तर ५४.६० पौंड होतात. बुकिंग करताना पेम्ब्रोकशर कौन्सिलचं काय ठरलंय ते बघा आणि दाखवलेल्या भाड्यात तो धरलाय की वर लागणार हे मालकाकडून लेखी घ्या.